घरच्या सर्व्हरसाठी ब्राउझरमधला डेस्कटॉप, पावसाळ्यात टिकेल असा

घरच्या सर्व्हरवर चवथीचे फोटो असतात, देवळातल्या काल्याचे व्हिडिओ असतात, जमिनीच्या १-१४ च्या उताऱ्यांचे स्कॅन असतात. पण टर्मिनल येत नसलेल्या घरच्यांना त्यांचा उपयोग नसतो. ब्राउझरमध्ये पत्ता टाकला की डेस्कटॉप समोर यावा, आयकॉनवर टिचकी मारली की खिडकी उघडावी, फाइल ओढून टाकता यावी, एवढं करायचं आहे. जावास्क्रिप्ट आणि लिनक्सशी ओळख हवी, पांडित्य नको. गोव्यात मात्र एक गोष्ट आधीच धरून चालायची: जून ते सप्टेंबर वीज जाणार, नेट जाणार, आणि नेमकं अपलोड चालू असताना जाणार. पुढचे बरेचसे निर्णय त्यावरच बेतलेले आहेत.

कसला डेस्कटॉप हवा ते आधी ठरवा

एका प्रकारात सर्व्हरवर खराखुरा लिनक्स डेस्कटॉप चालतो आणि त्याचं चित्र ब्राउझरकडे येत राहतं. अपाचे ग्वाकामोली, नोव्हीएनसी, कॅस्मव्हीएनसी हे त्यातले. टॅबलेटवरून लिबरऑफिस चालवायचं असेल तर यांतलं एखादं तयार बसवा. ते स्वतः लिहीत बसण्यात अर्थ नाही. दुसऱ्या प्रकारात खिडक्या ब्राउझरच काढतो आणि सर्व्हर फक्त माहिती पुरवतो. फोल्डर उघडलं तर काही किलोबाइटच जातात, आणि नेट अडखळलं तरी खिडकी हातात अडकत नाही. हा प्रकार आपण बांधू शकतो, आणि घराला बहुतेक वेळा हाच पुरतो.

यंत्र साधं चालेल: इंटेल एन१०० चा मिनी पीसी किंवा जुना लॅपटॉप, ८ जीबी रॅम, सिस्टिमसाठी एसएसडी, डेटासाठी वेगळी डिस्क. लॅपटॉपची बॅटरी म्हणजे आयता यूपीएस, पण ती फुगली असेल तर काढून टाका. मिनी पीसीच्या बायोसमध्ये वीज परत आल्यावर आपोआप सुरू होण्याचा पर्याय असतो, तो चालू करा; नाहीतर घरात कोणी नसताना सर्व्हर मुकाट पडून राहील. राउटर आणि फायबरचा डबाही यूपीएसवर घ्या. चिऱ्याच्या जाड भिंतीतून वायफाय धड जात नाही, तेव्हा सर्व्हर आणि राउटर यांच्यामध्ये केबलच टाका. किनाऱ्याजवळ घर असेल तर यंत्र खिडकीपासून लांब ठेवा, खाऱ्या हवेने पोर्ट गंजतात.

पाया

डेबियन लिनक्स, सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडची चालू एलटीएस (दीर्घकाळ दुरुस्त्या मिळणारी) आवृत्ती आणि पुढे दारावर कॅडी हा वेब सर्व्हर, प्रॉक्सी म्हणून. आपला प्रोग्रॅम फक्त १२७.०.०.१ वर, म्हणजे यंत्राच्या आतूनच, ऐकेल, बाहेरचं सगळं कॅडीतून येईल. कॅडीला वेबसॉकेटसाठी (ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातली सतत उघडी जोडणी) वेगळं काही सांगावं लागत नाही. एनजिनएक्स वापरत असाल तर दोन ठिकाणी अडकाल: अपलोडची मर्यादा मुळात १ एमबी असते म्हणून ४१३ चूक येते, आणि ६० सेकंद काही हालचाल नसली की वेबसॉकेट तुटतं.

प्रोग्रॅमसाठी लॉगिन नसलेला वेगळा वापरकर्ता करा आणि सिस्टिमडीची सेवा लिहा. त्यात रीस्टार्ट ‘ऑलवेज’, दोन प्रयत्नांमध्ये ५ सेकंद. अंतर फार कमी ठेवलं तर १० सेकंदांत ५ वेळा सुरू होण्याची मर्यादा लागते आणि सिस्टिमडी नाद सोडून देतं. प्रोटेक्टसिस्टिम ‘स्ट्रिक्ट’ करून लिहिण्याची मुभा फक्त डेटाच्या आणि सेटिंगच्या फोल्डरला द्या.

डेटा डिस्क एफएसटॅबमध्ये यूयूआयडीने लावा आणि ‘नोफेल’ घाला, म्हणजे डिस्क रुसली तरी यंत्र सुरू होईल. पण इथे एक खड्डा आहे. डिस्क लागलीच नाही तर तिच्या जागी एसएसडीवरचं रिकामं फोल्डर उरतं, आपला प्रोग्रॅम खुशाल त्यातच फाइली लिहू लागतो, एसएसडी भरते, आणि पुढे डिस्क लागली की त्या फाइली तिच्याखाली झाकल्या जातात. घरच्यांना वाटतं फोटो गेले. म्हणून सेवेत ‘रिक्वायर्समाउंट्सफॉर’ लिहून डिस्कच्या फोल्डरचा पत्ता द्या. डिस्क नाही तर सेवा नाही. शिवाय डिस्क लावण्याआधी त्या रिकाम्या फोल्डरला सीएचएटीटीआरने ‘आय’ (अपरिवर्तनीय) हा गुण द्या, मग रूटलाही त्यात लिहिता येत नाही.

खिडक्या

हे काम दिसतं अवघड, पण आहे सोपं. प्रत्येक खिडकी म्हणजे एक डिव्ह, जागा अ‍ॅब्सोल्यूट, वर पट्टी, खाली मजकूर. पट्टीवर पॉइंटरडाउन झालं की सेटपॉइंटरकॅप्चर बोलवा. हे विसरलात तर माउस जोरात ओढल्यावर, किंवा तो एखाद्या आयफ्रेमवर गेल्यावर, खिडकी मध्येच सुटते. पट्टीला सीएसएसमध्ये टच-अ‍ॅक्शन ‘नन’ द्या, नाहीतर मोबाइलवर खिडकीऐवजी पानच सरकतं. खिडकी पुढे आणायला एकच आकडा पुरतो: टिचकी बसली की तो एकाने वाढवायचा आणि त्या खिडकीचा झेड-इंडेक्स म्हणून द्यायचा.

पट्टीचे निदान ४० पिक्सेल पडद्यावर राहतील असं बंधन घाला, आणि ते पडद्याचा आकार बदलल्यावरही लावा. मोठ्या मॉनिटरवर उजव्या कोपऱ्यात ठेवलेली खिडकी लॅपटॉपवर उघडली की हाती लागत नाही, ही या प्रकारातली ठरलेली तक्रार. रुंदी ७०० पिक्सेलपेक्षा कमी असेल तर खिडक्यांचा हट्ट सोडा आणि प्रत्येक अ‍ॅप पूर्ण पडदाभर दाखवा.

खिडक्यांच्या जागा सर्व्हरवर जतन करा, प्रत्येक माणसाच्या वेगळ्या. ओढताना दर पिक्सेलला विनंती पाठवू नका. हात थांबल्यावर ५०० मिलिसेकंदांनी एकदाच.

जेलीफिन (घरचा व्हिडिओ सर्व्हर) किंवा राउटरचं पान आयफ्रेममध्ये बसवायचा मोह होतो. बरीच पानं आयफ्रेमला नकार देणारा हेडर पाठवतात, आणि एचटीटीपीएसच्या पानात साधं एचटीटीपी पान ब्राउझर घेत नाही. प्रॉक्सीतून तो हेडर उडवण्याच्या युक्त्या सापडतील, पण त्याने राउटरच्या पानाचं संरक्षणच जातं. आयकॉनवरून नवा टॅब उघडा, झालं.

फाइली

इथे घाई करू नका. डेस्कटॉपचा उपयोग आणि धोका दोन्ही इथेच आहेत.

ब्राउझरकडून आलेला पत्ता कधीही जसाच्या तसा वापरायचा नाही. ‘दोन टिंबं’ घालून कोणीही वरच्या फोल्डरात चढू शकतो. पत्ता आधी रिझॉल्व्ह करा, मग रिअलपाथ (डिस्कवरचा खरा पत्ता) काढा म्हणजे सिमलिंकचा पडदा उघडेल, आणि तो मूळ फोल्डरच्या आतच आहे का ते तपासा. तुलना करताना मूळ पत्त्याच्या शेवटी तिरकी रेघ हवीच: ‘/डेटा/घर’ एवढंच जुळवलंत तर ‘/डेटा/घरगुती’ सुद्धा पास होतं. नवीन फाइल अजून अस्तित्वातच नसते, तिचा रिअलपाथ चूक देतो. तिथे तिच्या फोल्डरचा काढा.

मराठी नावांचं वेगळंच प्रकरण आहे. ‘दुसऱ्या दिवसाची आरती’ या नावातला ऱ युनिकोडमध्ये एक चिन्ह म्हणूनही लिहिता येतो आणि र अधिक नुक्ता असाही. काही जुन्या पद्धतींत तोच र, हलन्त आणि न दिसणारा जोडक असा येतो. डोळ्यांना तिन्ही सारखे, पण ईएक्सटी४ ही फाइल सिस्टिम बाइट ताडून नावं जुळवते, त्यामुळे एकाच नावाच्या दोन फाइली शेजारी शेजारी बसतात आणि शोधल्यावर एकच सापडते. नवीन अपलोडचं नाव एनएफसी या युनिकोडच्या एकसारख्या केलेल्या रूपात आणून मगच लिहा. आधीपासून डिस्कवर असलेल्या नावांना हात लावू नका. रीडडिरने (फोल्डरची यादी देणाऱ्या फंक्शनने) जे दिलं तेच ब्राउझरला द्या आणि तेच परत घ्या. शोधासाठी मात्र वेगळी किल्ली बनवा: आधी एनएफसी, मग ‘र, हलन्त, जोडक’ बदलून ‘ऱ, हलन्त’. एनएफसी एकट्याने जोडक काढत नाही.

नावाची लांबीही देवनागरीत लवकर संपते. मर्यादा २५५ बाइटची, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं, म्हणजे काना, मात्रा, हलन्त धरून ८५ चिन्हं. ‘श्री’ मध्येच १२ बाइट गेले. अपलोड करतानाच मोजा आणि सरळ भाषेत सांगा, नाहीतर घरच्यांना फक्त ‘सर्व्हर एरर’ दिसेल. यादी लावायला इंटल-कोलेटर मराठी भाषेसह आणि न्यूमेरिक पर्याय चालू ठेवून वापरा. मग ‘माटोळी १०’ ही ‘माटोळी २’ च्या आधी येत नाही. डाउनलोडच्या हेडरमध्ये नाव यूटीएफ-८ च्या तारांकित (‘फाइलनेम*’) रूपात द्या, नाहीतर मराठी नावाची चिरफाड होते.

अपलोड ८ एमबीच्या तुकड्यांत करा. सर्व्हर तुकडा तात्पुरत्या फाइलीत लिहील, एफसिंक करील (खरोखर डिस्कवर उतरवील) आणि मगच ‘मिळाला’ म्हणेल. एफसिंकआधी होकार दिला आणि वीज गेली, तर फाइलीची लांबी बरोबर पण आत शून्यं, असंही होऊ शकतं. ते कळतं सहा महिन्यांनी, व्हिडिओ उघडताना. नेट आल्यावर ब्राउझर शेवटच्या होकाराचा आकडा पाठवील, सर्व्हर फाइल तिथपर्यंत छाटून पुढे चालू ठेवील. पान रीलोड झालं असेल तर ब्राउझर फाइल स्वतःहून पुन्हा उघडू शकत नाही. तीच फाइल पुन्हा निवडायला सांगा आणि नाव, आकार, तारीख जुळवून घ्या. पूर्ण झाल्यावर रीनेम. तात्पुरती फाइल त्याच डिस्कवर हवी. एसएसडीवर ठेवलीत तर रीनेम ‘ईएक्सडीईव्ही’ म्हणून नाकारलं जातं.

पुसणं म्हणजे त्याच डिस्कवरच्या ‘केराची टोपली’ फोल्डरात हलवणं, ३० दिवसांसाठी. व्हिडिओच्या रेंज विनंतीला (फक्त हवा तो तुकडा मागणारी) २०६ उत्तर द्यावंच लागतं, नाहीतर आयफोनच्या सफारीत तो सुरूच होत नाही. छोटी चित्रं शार्प लायब्ररीने २५६ पिक्सेल रुंदीची काढा, एका वेळी दोनच. शार्पच्या तयार पॅकेजला आयफोनचे एचईआयसी फोटो वाचता येत नाहीत, त्यांना आधी लिबहेईफच्या साधनाने जेपेग करा. आणि कोणी चढवलेली एचटीएमएल किंवा एसव्हीजी फाइल आपल्याच पत्त्यावरून उघडू देऊ नका. तिच्यातली स्क्रिप्ट तुमच्या लॉगिनच्या अधिकाराने चालेल. अशा फाइली फक्त डाउनलोडला.

यंत्राची स्थिती, आणि टर्मिनल

सीपीयूचा आकडा /प्रॉक/स्टॅट मधून येतो, पण तो सुरुवातीपासूनची बेरीज असतो. दोन वेळा वाचून फरक घ्या. मेमरीसाठी ‘मेमअव्हेलेबल’ बघा. ‘मेमफ्री’ दाखवलंत तर निरोगी सर्व्हरही कायम गळफास लागल्यासारखा दिसतो, कारण लिनक्स रिकामी मेमरी कॅशला वापरतं. टॅब मागे गेला की ही विचारणा थांबवा.

टर्मिनल एक्सटर्म.जेएस आणि नोड-पीटीवाय या लायब्ररींनी तासाभरात होतं, म्हणूनच ते शेवटी घ्या. वेबसॉकेटला ब्राउझरचा एकाच मूळ पत्त्याचा नियम लागू होत नाही; दुसऱ्या टॅबमधलं परकं पान तुमच्या कुकीसह जोडणी करू पाहील. जोडणीच्या वेळी ओरिजिन हेडर तपासून परका असेल तर हाकला. शेल टीमक्समध्ये उघडा, म्हणजे जोडणी तुटली तरी चालू काम मरत नाही. खरं तर एसएसएच येणाऱ्याला याची गरज नाही, आणि न येणाऱ्याच्या हाती हे देऊ नये.

तुटणं आणि जोडणं

वेबसॉकेटवर दर ३० सेकंदांनी पिंग, म्हणजे ‘आहेस का?’ अशी हाक. दोन पिंगना उत्तर नाही तर जोडणी मेली असं धरा. पुन्हा प्रयत्न १, २, ४, ८ करत ३० सेकंदांपर्यंत, प्रत्येकात थोडा यादृच्छिक फरक, नाहीतर वीज आल्यावर घरातली सगळी उपकरणं एकदम धडकतात. तोवर वर लाल पट्टी आणि बदल करणारी बटणं बंद. नुसतं फिरणारं चक्र दाखवलं तर माणसं तेच बटण दहा वेळा दाबतात.

लॉगिन आणि घराबाहेरून

पासवर्ड एस-क्रिप्ट (scrypt) पद्धतीने हॅश करा. नोडच्या क्रिप्टो मॉड्यूलमध्ये ती आहेच. कुकी एचटीटीपीओन्ली, सिक्युअर, सेमसाइट स्ट्रिक्ट. पाच चुकांनंतर १५ मिनिटं थांबवा.

बाहेरून बघायचं असेल तर राउटरच्या वॅनचा (बाहेरच्या बाजूचा) आयपी पाहा. तो १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचा असेल तर तुम्ही नेट कंपनीच्या सामायिक नॅटमागे (अनेक घरांना मिळून एकच बाहेरचा पत्ता) आहात आणि पोर्ट फॉरवर्डिंग कितीही केलंत तरी चालणार नाही. नसलात तरी हा डेस्कटॉप उघड्या इंटरनेटवर ठेवू नका. टेलस्केल (आपल्याच उपकरणांचं खाजगी जाळं) लावा, त्याच्या ‘सर्व्ह’ सोयीतून एचटीटीपीएसचं प्रमाणपत्रही मिळतं, म्हणजे क्लिपबोर्डसारख्या गोष्टी मोबाइलवर चालतात.

घरच्यांना पत्ता देण्याआधी २ जीबीचा व्हिडिओ चढवत असताना राउटर बंद करून पाहा, मग सर्व्हरचीच वीज तोडा. पूर्ण झालेल्या फाइलीचा एसएचए-२५६ मूळ फाइलीशी जुळला पाहिजे. यूपीएसला यूएसबीचं पोर्ट असेल तर नेटवर्क यूपीएस टूल्स बसवून बॅटरी खालावल्यावर सर्व्हर रीतसर बंद होईल असं करा. मात्र यूपीएस वीज परत येण्याआधी आपला आउटपुट तोडतो ना ते तपासा: बंद झालेल्या यंत्राला वीज मिळतच राहिली तर ‘वीज परत आली’ हे बायोसला कधी कळतच नाही, आणि मग बटण दाबायला कोणीतरी घरी लागतं.