डब्ल्यूपी इंजिनाचं टेंडर घरी कसं बांधावं

वाफेच्या इंजिनाचं मॉडेल स्वतःच्या हातानं बांधायचं मनात असेल, तर सुरुवात टेंडरपासून करावी, असं माझं ठाम मत आहे. टेंडर म्हणजे इंजिनामागचा कोळसा-पाण्याचा डबा. त्यात सिलिंडर नाहीत, दांडे नाहीत, मोटरही बहुधा नसते. पण नेमकी आखणी, काटकोनातली जोडणी, मोकळी फिरणारी चाकं, वजन, वीज आणि रंग हे सगळं त्यात येतं. टेंडर नीट जमलं की इंजिनाला हात घालायला धीर येतो.

उदाहरणाला आपलं डब्ल्यूपी घेऊ. भारतीय रेल्वेच्या ब्रॉडगेजवरचं, गोळीसारख्या नाकाचं प्रवासी इंजिन. १९४७ ते १९६७ या वीस वर्षांत अशी ७५५ इंजिनं झाली. पहिली अमेरिकेच्या बाल्डविन कारखान्यातून आली, पुढे कॅनडा, पोलंड, ऑस्ट्रिया आणि शेवटी आपल्या चित्तरंजनमधून. इतक्या ठिकाणी बांधलेली आणि नंतर वर्कशॉपमध्ये हात फिरलेली इंजिनं बारकाव्यात एकसारखी नसतात. म्हणून ‘डब्ल्यूपी’ बांधू नका, एका विशिष्ट नंबरचं डब्ल्यूपी बांधा. हरियाणात रेवाडीच्या वाफेच्या इंजिनांच्या शेडमध्ये ७१६१ नंबरचं ‘अकबर’ आहे. तिथं जाता आलं, तर मोजपट्टी घेऊन जा आणि टेंडरचे फोटो अगदी समोरून, बाजूनं आणि मागून काढा. तिरक्या फोटोवरून मापं निघत नाहीत.

मापं

मी एचओ, म्हणजे १:८७ हे प्रमाण धरलं आहे. पुण्यात कोथरूडच्या जोशी मिनिएचर रेल्वे संग्रहालयात ज्यांनी छोट्या गाड्या धावताना पाहिल्या असतील, त्यांना हा आकार ओळखीचा वाटेल. त्या काळातले आराखडे फूट-इंचात असतात आणि एचओमध्ये एक फूट म्हणजे ३.५ मिमी. मेट्रिकमध्ये रूपांतर करून पुन्हा ८७ नं भागत बसू नका, फुटांना सरळ ३.५ नं गुणा. आराखडा नसेल तर फोटोवर काम करा. मोजपट्टीनं घेतलेलं एखादं मोठं माप, उदाहरणार्थ टाकीची लांबी, फोटोत शोधायचं आणि बाकीची मापं त्याच्या प्रमाणात काढायची.

इथं एक अडचण आहे, ती आधीच नीट समजून घ्या. आपलं ब्रॉडगेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, १६७६ मिमीचं. १:८७ मध्ये ते सुमारे १९.३ मिमी होतं. बाजारात मिळणारा एचओ रूळ मात्र १६.५ मिमीचा, कारण तो १४३५ मिमीच्या परदेशी गेजसाठी बनलेला आहे. म्हणजे टेंडरची पेटी खऱ्या प्रमाणात केली, तर चाकं दोन्ही बाजूंनी जवळपास १.४ मिमी आत जातात. काही जण हट्टानं रूळच रुंद करून घेतात, त्यांचं मला मनापासून कौतुक आहे. पहिल्या टेंडरसाठी मात्र १६.५ चाच रूळ ठेवा आणि पेटीचं माप अजिबात कमी करू नका. भारतीय गाडीचा भारदस्तपणा तिच्या रुंदीत आहे. पेटी आक्रसली की डब्ल्यूपी परदेशी दिसायला लागतं.

आधी चाकं

नवशिका आधी पेटी बांधतो आणि मग तिच्याखाली चाकं बसवायला जातो. हा क्रम उलटा करा. डब्ल्यूपीचं टेंडर दोन बोगींवर चालतं. बोगी म्हणजे इथं डबा नव्हे, तर त्याच्याखालची वळणारी चाकांची चौकट, एकेकीला चार चाकं. बोगी सुरुवातीला तयारच घ्या. एचओच्या मालडब्याच्या किंवा जुन्या मॉडेलच्या चालतील, फक्त दोन आसांमधलं अंतर आणि चाकाचा व्यास तुमच्या मापाशी जुळला पाहिजे. बाजूची चौकट वेगळी असली तरी बिघडत नाही. तिच्यावर एक-सव्वा मिमी जाडीचं स्टायरीनचं (प्लास्टिकच्या शीटचं) आवरण चिकटवून त्यावर स्प्रिंग आणि ॲक्सलबॉक्सचे आकार उठवता येतात. चाकं आत गेल्याची उणीवही या जाडीनं बरीच झाकते.

आता २ मिमी जाड स्टायरीनचा तळ कापा. त्यावर मध्यरेषा आखा आणि बोगींच्या बोल्टसाठी दोन भोकं पाडा. पुढचा भाग महत्त्वाचा आहे. एक बोगी सर्व बाजूंना डुलू द्या. दुसरी वळू द्या, पुढे-मागे कलू द्या, पण डावी-उजवीकडे कलू देऊ नका. त्यासाठी तिच्या बोल्टच्या दोन्ही बाजूंना तळाला दोन बारीक पट्ट्या चिकटवा. असं केलं की टेंडर तीन टेकूंवर उभं राहतं, डुगडुगत नाही आणि रूळ किंचित वाकडा असला तरी चाक उचललं जात नाही.

नुसता तळ बोगींवर ठेवून तुमच्या सर्वांत आवळ वळणावरून हातानं ढकला. चाक कुठं घासलं तर तिथला तळ आताच कोरून काढा. याच वेळी उंची ठरवायची. खऱ्या गाडीत बफरचा (टोकाला धक्का झेलणाऱ्या गोल तबकडीचा) मध्य रुळापासून जास्तीत जास्त ११०५ मिमीवर असतो, म्हणजे मॉडेलमध्ये १२.७ मिमी. दोन बफरांच्या मध्यांतलं अंतर १९५६ मिमी, म्हणजे साडेबावीस मिमी. युरोपीय सुट्या भागांतली तयार बफर-पट्टी वापरू नका, तिच्यावरचे बफर जवळ-जवळ असतात.

पेटी

बाजूंसाठी १ मिमी स्टायरीन पुरे. सनबोर्ड (फोमचा पांढरा बोर्ड) स्वस्त मिळतो, पण त्याच्या कडा सच्छिद्र असतात आणि रंगाखाली ते दिसतं. स्टायरीन आरपार कापायचं नसतं. पोलादी पट्टी धरून कटरनं दोन-तीन हलके ओरखडे द्यायचे आणि त्या रेषेवर मोडायचं. डावी-उजवी बाजू टेपनं एकावर एक चिकटवून एकदमच कानशीनं घासा, म्हणजे दोन्ही तंतोतंत सारख्या होतील. मागची भिंत दोन्ही बाजूंच्या मध्ये बसते. पेटीची रुंदी ३५ मिमी असेल तर भिंत ३३ ची कापायची. शीटची जाडी वजा करायला विसरलं, की सगळं काम दोन मिमीनं फुगतं.

बाजूची वरची कड आत वळलेली असेल, तर तेवढा भाग ०.२५ मिमीच्या दोन शीटमधून करा. दोन्ही गोल पेन्सिलीवर गुंडाळून, मध्ये सॉल्व्हंट (पातळ प्लास्टिक सिमेंट) लावून, दोऱ्यानं बांधून रात्रभर ठेवा. सुटं केल्यावर गोलाई तशीच राहते. जाड शीट गरम पाण्यात वाकवूनही जमतं, पण दोन्ही बाजूंची गोलाई सारखी येईलच याची खात्री नसते.

जोडणी पातळ प्लास्टिक सिमेंटनं, ब्रशनं सांध्याला स्पर्श करून. खिडकी उघडी ठेवा, वाफ डोक्यात जाते. प्रत्येक कोपऱ्याला गुण्या लावा आणि दर ३० मिमीवर आत आडवी भिंत द्या, नाहीतर लांब बाजू काही महिन्यांत आत ओढल्या जातात. तळाला दोन भोकं मोकळी ठेवा. बंद पेटीत कोंडलेली सॉल्व्हंटची वाफ प्लास्टिक मऊ करते आणि पेटी वाकते.

आता आतली रचना. खऱ्या टेंडरमध्ये पाणी कोळशाच्या खाली, मागे आणि दोन्ही अंगांना असतं. कोळशाखालचा पत्रा पुढे उतरता असतो, म्हणजे कोळसा आपोआप फायरमनच्या फावड्याकडे घसरतो. हा उतार मॉडेलमध्ये जरूर द्या. त्याच्याखाली वजन आणि, इंजिनाचा आवाज हवा असेल तर, स्पीकरसाठी जागा आपोआप मिळते.

वजन आणि वीज

डब्यांच्या वजनासाठी अमेरिकेतल्या एनएमआरए संस्थेचं सूत्र सोपं आहे: एचओला एक औंस, अधिक लांबीच्या प्रत्येक इंचाला अर्धा औंस. १२० मिमी टेंडरला ते सुमारे ९५ ग्रॅम येतं. मी त्याहून थोडं कमीच ठेवतो, कारण हे सगळं ओझं इंजिनानं ओढायचं असतं. वजनाला पोलादी नट किंवा पट्ट्या अराल्डाइटनं बसवा, बोगींच्या बरोबर वर. शिशाचे छर्रे फेव्हिकॉलमध्ये कधीही बसवू नका. काही वर्षांत शिसं गंजून फुगतं आणि पेटी फोडतं.

चाकांच्या मागच्या बाजूला टेकणाऱ्या फॉस्फर ब्राँझच्या बारीक तारांनी वीज घ्या. लांब इंजिन पॉइंटवर (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर जाते तिथं) थबकतं, ते टेंडरच्या आठ चाकांमुळे टळतं. तारेला डाख देताना ती प्लास्टिकपासून दूर धरा. आधी तांब्याच्या तुकड्यावर डाख द्या, मग तो तुकडा चिकटवा.

बारकावे आणि रंग

कठड्यांना आणि मागच्या शिडीला ०.४ मिमी पितळी तार. त्यासाठी लागणारी बारीक ड्रिल आणि ते धरायची पिन व्हाइस ही मूठ पुण्यात बोहरी आळीत किंवा मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर शोधा. पाणी भरायचं झाकण, मागची व्हॅक्यूम ब्रेकची नळी आणि दिवा, एवढं झालं की टेंडर भरलेलं दिसतं. रिव्हेट तुमच्या फोटोत असतील तरच करा. पातळ शीटवर मागून बोथट सुई दाबली की ते उठतात.

राखाडी प्रायमर मारल्यावर सांध्यातल्या फटी उघड्या पडतात. त्या भरून, पॉलिश पेपरनं घासून मगच काळा रंग द्या. पूर्ण काळा नको, त्यात थेंबभर पांढरा मिसळा, नाहीतर सगळे बारकावे बुडतात. मध्य रेल्वेचं इंजिन असेल तर ‘म रे’ ही अक्षरं फोटोत पाहून त्याच वळणाची काढा. संगणकावरचा कुठलाही टाइप चालत नाही. झाकणाभोवती सांडलेल्या पाण्याचे फिकट ओघळ पेस्टलच्या भुकटीनं द्यावेत.

इंजिन आणि टेंडर जोडणाऱ्या दांड्याला दोन-तीन भोकं पाडा. सर्वांत जवळच्या भोकात लावून वळणावरून उलटं चालवा. कोपरे एकमेकांना लागले तर पुढचं भोक घ्या.

कोळसा खराच वापरा. फडक्यात घालून कुटा आणि चहाच्या गाळणीतून चाळा. खरी ढेकळं वीतभर असली तरी मॉडेलमध्ये ती अडीच मिमीच्या आतच हवीत. फोमच्या तुकड्याला आधी काळा रंग, मग फेव्हिकॉल, मग कोळसा, आणि वरून साबणाचा थेंब घातलेलं पातळ फेव्हिकॉल ड्रॉपरनं. ढीग पुढच्या बाजूला खचलेला करा, कारण फायरमन तिथूनच उपसतो. आणि तो पेटीला चिकटवू नका, नुसता बसवा. स्पीकरची तार निसटली, तर तेवढा ढीग उचलून हात आत घालता येतो.