काळ्या डोक्याचा कुरव कसा ओळखावा

काळ्या डोक्याच्या कुरवाचे नाव नवख्या निरीक्षकाला हमखास फसवते. विणीच्या हंगामातही त्याचे डोके काळे नसून गडद तपकिरी असते आणि हा रंग मानेपर्यंत न पोहोचता चेहऱ्याच्या बाजूलाच थांबतो. हिवाळ्यात तर डोके पांढरे होऊन डोळ्यामागे केवळ एक काळपट ठिपका उरतो. म्हणून डोक्याचा नाद सोडून आधी उडत्या पक्ष्याचा पंख पाहावा. पंखाच्या बाहेरच्या भागाची पुढची कड पाचरीसारखी पांढरीशुभ्र असते आणि तिच्या मागे काळी किनार दिसते. ही पाचर दुर्बिणीशिवायही लक्षात येते. याच्यासारख्याच दिसणाऱ्या तपकिरी डोक्याच्या कुरवाच्या पंखांची टोके मात्र काळी असून त्यांत पांढरे ठिपके असतात, आणि प्रौढ पक्ष्याचे बुबुळ फिकट असते.

बसलेल्या पक्ष्याची लांबी साधारण 37 ते 44 सेंटिमीटर, पाठ फिकट राखाडी आणि चोच व पाय लाल असतात. पंखांवर तपकिरी पट्टा आणि शेपटीच्या टोकाला काळी पट्टी दिसली, तर तो पहिल्या वर्षाचा पक्षी समजावा.

कुरव म्हणजे समुद्रपक्षी हा समज येथे अपुरा पडतो, कारण हा पक्षी दलदलीत आणि तळ्यांकाठी वसाहती करतो, नांगरामागे फिरून किडे व गांडुळे टिपतो आणि टिटवीने मिळवलेला घासही हिसकावतो. ओल्या गवतावर एकाच जागी पाय आपटताना दिसला, तर तो गांडुळांना वर आणत आहे असे समजावे.

त्याच्या सवयींपैकी सर्वांत विलक्षण सवय घरट्यात दिसते. पिल्लू बाहेर पडल्यावर पालक अंड्याचे कवच उचलून दूर टाकतात. 1973 चे नोबेल मिळवणाऱ्या निको टिनबर्गन यांनी प्रयोगांतून दाखवले की, कवचाच्या आतल्या पांढऱ्या रंगामुळे कावळ्यांना घरटे सापडते. तरीही पालक घाई करत नाहीत; ओल्या पिल्लाला शेजारचे कुरवच गिळतात, त्यामुळे ते वाळेपर्यंत पालक जागचे हलत नाहीत. वसाहत दुरूनच पाहावी, ती याचसाठी: आपल्यामुळे पालक उडाले, तर शेजाऱ्यांना तेवढी संधी पुरते.