एकच सी लायब्ररी, अनेक कंपायलर: सुसंगतता कशी टिकवावी

वाळूज किंवा चिखलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत एक इलेक्ट्रॉनिक पर्जन्यमापक तयार होतो, असे गृहीत धरू. त्याचे आकडे वाचणारी सी भाषेतील लहानशी लायब्ररी (इतर प्रोग्रॅमना वापरता येणारा कोडचा संच) किमान तीन ठिकाणी कंपाइल होणार, म्हणजे कंपायलर तिचे यंत्राला कळणाऱ्या कोडमध्ये रूपांतर करणार: शिवारात उभ्या असलेल्या नोंदयंत्राच्या ८ बिटी बोर्डासाठी, कार्यालयातील विंडोज संगणकासाठी आणि नोंदी साठवणाऱ्या ६४ बिटी लिनक्स सर्व्हरसाठी. तिन्हीकडे कंपायलर वेगळा आणि त्याने गृहीत धरलेले भाषेचे मानकही (नियमांची अधिकृत आवृत्ती) वेगळे असते. अशी लायब्ररी वर्षानुवर्षे बिनतक्रार चालवायची असेल, तर काही निर्णय पहिल्या दिवशीच घ्यावे लागतात.

सर्वांत आधी, कोणत्या मानकाच्या खाली उतरायचे नाही हे ठरवावे. सी८९ नंतर सी९९, सी११, सी१७ आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेले सी२३ अशी मानके आली. कर्ल (इंटरनेटवरून माहिती आणणारे साधन) आणि एसक्यूलाइट (छोटा डेटाबेस) यांसारखे जगभर वापरले जाणारे प्रकल्प आजही मुख्यतः सी८९ च्या चौकटीत लिहिले जातात. तरीही नव्या लायब्ररीने तोच हट्ट धरावा, असे मला वाटत नाही, कारण निश्चित रुंदीचे (८, १६, ३२ अशा ठरावीक बिटांचे) पूर्णांक प्रकार सी९९ मध्येच आले आणि यंत्राशी बोलणाऱ्या कोडचे त्यांच्याशिवाय पदोपदी अडते. मात्र स्रोत फाइल (जिच्यात प्रत्यक्ष कोड असतो) आणि हेडर फाइल (जिच्यात वापरकर्त्यासाठी फंक्शनांच्या घोषणा असतात) यांना एकच नियम लावू नये. स्रोत फाइल कोणत्या मानकाने कंपाइल करायची हे तुमच्या हातात असते. हेडर मात्र वापरकर्त्याच्या कंपायलरने, त्याने निवडलेल्या पर्यायांनिशी आणि पुष्कळदा सी++ (सी वरून बनलेली दुसरी भाषा) म्हणून वाचले जाते. म्हणून स्रोतासाठी सी९९ आणि हेडरसाठी सी८९ अधिक निश्चित रुंदीचे पूर्णांक, ही विभागणी मला सर्वांत व्यवहार्य वाटते.

हेडरमध्ये दोन तिरक्या रेघांच्या टिपा, इनलाइन फंक्शने, रिस्ट्रिक्ट हा शब्द आणि बूल (खरे-खोटे) प्रकार टाळावेत. पॅरामीटरला क्लास, न्यू किंवा टेम्प्लेट अशी सी++ मध्ये राखीव असलेली नावे देऊ नयेत, आणि सर्व घोषणा एक्स्टर्न सी च्या (ही सी ची फंक्शने आहेत असे सी++ ला सांगणाऱ्या) कंसात ठेवाव्यात. तो कंस अर्थातच फक्त सी++ कंपायलरला दिसेल अशा अटीत असावा. फंक्शन काहीच स्वीकारत नसेल तर कंसात व्हॉइड लिहावे. सी२३ पूर्वी रिकाम्या कंसाचा अर्थ ‘पॅरामीटर सांगितलेले नाहीत’ असा होता, सी२३ मध्ये तो ‘पॅरामीटर नाहीत’ असा झाला. व्हॉइड लिहिल्यास दोन्हीकडे एकच अर्थ निघतो. सी२३ मध्ये बूल, ट्रू आणि फॉल्स हे भाषेचे राखीव शब्द झाले असून जीसीसी या कंपायलरची १५ वी आवृत्ती सी२३ हेच मानक आपणहून निवडते. त्यामुळे ज्यांनी पूर्वी टाइपडेफ करून (प्रकाराला नवे नाव देऊन) स्वतःचा बूल बनवला होता, त्यांचा अनेक वर्षे चालत आलेला कोड कंपायलर बदलताच कंपाइल होईनासा झाला.

सार्वजनिक स्ट्रक्चरची (अनेक फील्ड एकत्र ठेवणाऱ्या प्रकाराची) अंतर्गत रचनाही हेडरमध्ये उघड करू नये. वापरकर्त्याला फक्त पॉइंटर (स्मृतीतील पत्ता) द्यावा आणि तयार करणारे व मोकळे करणारे अशी दोन फंक्शने द्यावीत. म्हणजे पुढच्या आवृत्तीत एखादे फील्ड वाढवले तरी जुने प्रोग्रॅम पुन्हा कंपाइल करावे लागत नाहीत.

कंपायलरांमधील सगळे फरक एकाच अंतर्गत फाइलमध्ये कोंडावेत. अटी सगळ्या स्रोतात विखुरल्या की नवा कंपायलर आल्यावर शोधाशोध करत बसावे लागते. या फाइलमध्ये शक्यतो कंपायलरचे नाव विचारू नये, सुविधा आहे का ते विचारावे. क्लँग हा कंपायलर स्वतःची ओळख जीसीसीच्या मॅक्रोनेही (कंपायलरने आधीच ठरवून दिलेल्या नावानेही) करून देतो आणि विंडोजवरील त्याचे क्लँग-सीएल हे रूप मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल सी++ या कंपायलरचा मॅक्रोही जाहीर करते. म्हणून नावावर अवलंबून राहणे भागच असेल, तर क्लँगची तपासणी सर्वांत आधी ठेवावी. एखादी सुविधा आहे का हे सांगणारा हॅज अॅट्रिब्यूट मॅक्रो वापरताना ‘हा मॅक्रो उपलब्ध आहे का’ आणि ‘त्याचे उत्तर काय’ हे दोन प्रश्न एकाच ओळीत ‘आणि’ने जोडू नयेत. ज्या जुन्या प्रीप्रोसेसरला (कंपाइल होण्याआधी अशा अटी सोडवणाऱ्या भागाला) तो मॅक्रो माहीत नाही, तो ओळीचा दुसरा अर्धा भाग वाचतानाच त्रुटी देतो. एका अटीच्या आत दुसरी अट लिहावी.

मानकाची आवृत्ती सांगणाऱ्या मॅक्रोवरही पूर्ण भरवसा ठेवता येत नाही. सी९९ मध्ये त्याचे मूल्य १९९९०१, सी११ मध्ये २०१११२ आणि सी२३ मध्ये २०२३११ असते. पण व्हिज्युअल सी++ नेहमीच्या पद्धतीने चालवला तर तो हा मॅक्रो देतच नाही. केवळ त्यावरून निष्कर्ष काढल्यास, २०१० पासून निश्चित रुंदीचे पूर्णांक आणि २०१३ पासून सी९९ चा बराच भाग देणारा हा कंपायलर सी८९ वाला ठरतो. त्याच्यासाठी त्याचा स्वतःचा आवृत्ती क्रमांक तपासावा. २०१५ पूर्वीच्या आवृत्त्यांत मानक एसएनप्रिंटएफ (ठरावीक जागेत मजकूर रचणारे फंक्शन) नव्हते, आणि अंडरस्कोअर लावलेले त्यांचे जुने फंक्शन जागा अपुरी पडल्यास मजकुराच्या शेवटी शून्य (मजकूर संपल्याची खूण) ठेवत नाही. त्यावर स्वतःचे वेष्टण चढवून शेवटचा बाइट आपणच शून्य करावा.

आता पूर्णांकांकडे वळू. सर्वांत फसव्या चुका येथेच होतात, कारण त्या कंपाइल करताना दिसत नाहीत. पर्जन्यमापकातील छोटी बादली ०.२ मिलिमीटर पावसाला एकदा उलटते असे धरले, तर २४ तासांतील ६५ मिलिमीटरची अतिवृष्टीची मर्यादा ३२५ वेळा उलटल्यावर गाठली जाते. हा आकडा एका बाइटात मावत नाही; वरच्या बाइटात १ आणि खालच्या बाइटात ६९ येतात. वरचा बाइट आठ बिट डावीकडे सरकवून खालच्यात मिळवला की ३२५ मिळतात, आणि ते तिन्ही यंत्रांवर बरोबर येतात. पण हाच गणक शून्यावर न आणता चालू ठेवला आणि तो ३२,७६८ वर पोहोचला, की वरचा बाइट १२८ होतो. सरकवण्याआधी सी भाषा त्या बाइटाचे रूपांतर इंट या साध्या पूर्णांक प्रकारात करते. संगणकावर इंट ३२ बिटांचा असल्याने उत्तर बरोबर येते. एव्हीआरसारख्या ८ बिटी बोर्डावर मात्र इंट १६ बिटांचा असतो, त्यामुळे उत्तर त्याच्या मर्यादेबाहेर जाते. अशा वेळी काय व्हावे हे मानक सांगत नाही. प्रत्यक्षात बहुधा ऋण संख्या मिळते आणि ३२ बिटांच्या चिन्हरहित (ऋण संख्या न घेणाऱ्या) चलात ठेवल्यावर ती ४,२९,४९,३४,५२८ अशी दिसते. मराठवाड्यात वर्षाला सुमारे ७०० ते ७५० मिलिमीटर पाऊस धरला, तर हा दोष यंत्र बसवल्यानंतर नवव्या-दहाव्या वर्षी उगवेल, तेव्हा मूळ प्रोग्रॅमर कुठे असेल कोण जाणे. उपाय एवढाच की सरकवण्याच्या आधी प्रत्येक बाइट स्पष्टपणे ३२ बिटांच्या चिन्हरहित प्रकारात बदलावा. हीच पद्धत नोंदी वाचताना व लिहितानाही पाळावी. अख्खे स्ट्रक्चर जसेच्या तसे फाइलमध्ये उतरवू नये, कारण त्यातील रिकाम्या जागा आणि बाइटांचा क्रम यंत्रागणिक बदलतो.

लाँग प्रकार ६४ बिटी लिनक्सवर ६४ बिटांचा, तर ६४ बिटी विंडोजवर ३२ बिटांचाच असतो. सार्वजनिक फंक्शनमध्ये तो नसलेलाच बरा. एका बाइटाचा ‘चार’ (char) हा साधा प्रकार इंटेलच्या यंत्रांवर सहसा चिन्हसहित आणि एआरएम लिनक्सवर चिन्हरहित असतो. त्यात तापमान ठेवल्यास उणे ३ चे २५३ होऊ शकतात. परभणीत थंडीचा कितीही कडाका पडला तरी पारा सहसा शून्याखाली जात नाही, त्यामुळे स्थानिक चाचण्यांत ही चूक सापडेल या भरवशावर राहू नये. ऋण आकडे मुद्दाम भरूनच तपासावे.

तपासणीसाठी जीसीसी, क्लँग आणि व्हिज्युअल सी++ यांच्या जुन्या व नव्या आवृत्त्यांवर प्रत्येक बदलानंतर आपोआप बिल्ड चालवावा. मानक नेहमी स्पष्ट सांगावे: जीसीसीने स्वतःहून निवडायचे मानक २०१५ मध्ये पाचव्या आवृत्तीत जीएनयू८९ वरून जीएनयू११ केले (ही सी८९ व सी११ ची जीसीसीने विस्तारलेली रूपे), आणि पुढेही ते बदलत राहिले. पेडॅन्टिक (मानकाबाहेरच्या गोष्टी दाखवून देणारा) पर्याय लावावा, केवळ हेडर समाविष्ट करणारी एक सी++ फाइलही कंपाइल करावी, आणि उलट्या बाइटक्रमासाठी क्यूएमयू या प्रोग्रॅमवर आयबीएमच्या एस३९०एक्स यंत्राचे अनुकरण वापरावे. वॉर्निंगला त्रुटी मानण्याचा पर्याय मात्र स्वतःच्या तपासणीपुरताच ठेवावा. प्रकाशित बिल्डमध्ये तो राहिला, तर उद्याच्या कंपायलरची एखादी नवी वॉर्निंग वापरकर्त्याचे काम थांबवते.

कॉन्फिगर स्क्रिप्ट (यंत्रावर काय उपलब्ध आहे ते बिल्डआधी तपासणारी) वापरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. जीसीसी १४ ने २०२४ पासून घोषणेशिवाय फंक्शन वापरणे ही त्रुटी ठरवली. स्क्रिप्टमधील चाचणीच्या तुकड्यात योग्य हेडर नसेल, तर तो तुकडा कंपाइल होत नाही, आणि स्क्रिप्ट तक्रार न करता ‘हे फंक्शन उपलब्ध नाही’ असे नोंदवून पुढे जाते. कंपायलर बदलल्यावर तयार झालेली कॉन्फिग फाइल जुन्या फाइलशी ओळीने ओळ ताडून पाहावी.

कधी ना कधी किमान मर्यादा वर न्यावीच लागते. झेडलिब या माहिती आकसवणाऱ्या लायब्ररीनेही सी८९ पूर्वीच्या जुन्या के अँड आर पद्धतीच्या फंक्शन व्याख्या २०२३ मधील १.३ आवृत्तीत सोडल्या. असा बदल दुरुस्तीच्या लहान आवृत्तीत करू नये, निदान एक आवृत्ती आधी जाहीर करावा, आणि हेडरच्या सुरुवातीलाच प्रीप्रोसेसरच्या एरर ओळीत कोणत्या कंपायलरची कोणती आवृत्ती किमान लागते ते लिहावे, म्हणजे जुना कंपायलर वापरणाऱ्याला अनाकलनीय त्रुटींच्या यादीऐवजी एकच स्पष्ट वाक्य वाचायला मिळेल.