चुनखडीच्या जमिनीत बाग पिवळी पडली? या चुका टाळा

मोसंबीची नवती (नवी पालवी) पिवळी निघाली की पहिला फोन दुकानाला जातो आणि संध्याकाळपर्यंत ड्रममध्ये काहीतरी कालवलेलं असतं. आपल्या काळ्या मातीत लोह भरपूर आहे. पण सामू (pH) आठच्या वर आणि मातीत मुक्त चुना असला की ते मुळांना मिळत नाही. ते कशानं अडलंय हे न बघता वरून आणखी लोह ओतणं, ही चूक मला दर बहराला दिसते.

जालन्याकडची एक बाग आठवते. मालकानं आधी झाडाच्या बुडात हिराकस (फेरस सल्फेट) टाकलं, मग ठिबकमधून ईडीटीए लोह (चिलेटेड लोहाचा एक प्रकार) सोडलं, मग टॉनिक. पानं पिवळ्याची पांढुरकी होत गेली. आळ्यात वीतभर खणलं तर माती चिखलासारखी हाताला चिकटत होती. केशमुळं तपकिरी पडलेली, बोटानं ओढली की साल निघून नुसता दोरा उरत होता. खाली चुनखडीचा थर आणि वर रोज चालणारं ठिबक! अशा ओल्या चुनखडीत हवा कोंडते, बायकार्बोनेट वाढतं आणि मुळाशी असलेलं लोहही झाडाला उचलता येत नाही. तिथं आम्ही पाणी तोडलं, ओळींमध्ये चर काढले आणि वाफसा (माती ओलसर पण मोकळी) आल्याशिवाय व्हॉल्व्ह उघडायचा नाही असं ठरवलं. पुढची नवती बरीच हिरवी आली. म्हणून बाग पिवळी दिसली की आधी खोरं घ्या, बाटली नंतर.

दुसरी चूक निदानाची. लोहाची कमतरता कोवळ्या पानावर दिसते: शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा. जस्ताचीही वरच दिसते, पण पान बारीक, टोकदार राहतं आणि पेरं आखूड होतात. खालची जुनी पानं पिवळी पडून देठाकडे हिरवा त्रिकोण उरला असेल तर ते मॅग्नेशियम. तिथं लोह मारून काही होत नाही. खात्री नसेल तर मी एक फांदी निवडतो, लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस विरघळवतो आणि कापसानं कोवळ्या पानांच्या अर्ध्या भागावर लावतो. आठ-दहा दिवसांत तेवढाच भाग हिरवा झाला तर लोहच. एवढाही धीर नसलेले लोक पाच अन्नद्रव्यांचं मिश्रण मारतात आणि नेमकं कशानं गुण आला हे त्यांना कधीच कळत नाही.

चिलेटेड, म्हणजे लोह मातीत अडकू नये म्हणून दुसऱ्या रेणूत बांधलेलं, एवढं लिहिलंय म्हणून डबा घेऊ नका. ईडीटीए लोह सामू साडेसहाच्या पुढे टिकत नाही, डीटीपीए साडेसातपर्यंत. आपल्या मातीत जमिनीतून द्यायचं तर ईडीडीएचएच हवं. ते महाग आहे. म्हणून मी ते फक्त बिघडलेल्या झाडांना, वाफशावर, मुळांच्या कक्षेत देतो. हिराकस जमिनीतून द्यायचंच असेल तर शेणखतात मुरवून द्या. नुसतं फेकलं तर ते मातीत गंजून जातं.

फवारणी नवतीचं पान निम्म्याहून जास्त उलगडल्यावर करा. शंभर लिटरला अर्धा किलो हिराकस आणि शंभर ग्रॅम सायट्रिक ॲसिड. द्रावण तांबूस झालं की टाकून द्या. पुढच्या नवतीला पुन्हा फवारावं लागतं, कारण लोह जुन्या पानातून नव्यात फारसं जात नाही.

झिंक सल्फेट आणि 12:61:00 (मोनो अमोनियम फॉस्फेट) एका टाकीत कालवू नका, साका बसतो.

जिप्सम चोपण (सोडियम जास्त असलेल्या) जमिनीसाठी आहे. चुनखडीचा सामू त्यानं उतरत नाही.

सामू उतरवायला टाकतात त्या गंधकाचा हिशोब तर कुणी मांडतच नाही. मातीत दहा टक्के चुना असेल तर एका एकराच्या वरच्या वीतभर थरातला चुना संपवायला पंचवीस टनांहून जास्त गंधक लागेल. दहा किलोची पिशवी विस्कटून सामू उतरणार नाही. गंधक मुळांजवळ पट्ट्यात, शेणखताबरोबर द्या. तेवढ्या पट्ट्यापुरता फरक पडतो.

नवी लागवड असेल तर कलमं बुक करण्याआधी तीन फूट खड्डा घ्या, फुटाफुटाची माती वेगळी काढा आणि प्रत्येकीवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाका. वरच्याच फुटात जोरात फसफसलं (म्हणजे चुना जास्त) तर तिथं मोसंबी लावू नका. फेस खालीच आणि थोडा असेल तर जंबेरीऐवजी रंगपूर लाईमच्या खुंटावरची (मुळं ज्या झाडाची, त्यावर बांधलेली) कलमं मागा.