लकव्यानंतर हाताचा सराव घरी कसा करावा

लकवा झालेल्या माणसाच्या हातात घरचे सगळ्यात आधी रबरी चेंडू देतात. बहुतेकांची खरी अडचण मात्र मूठ वळण्याची नसते, उघडण्याची असते. मूठ आधीच घट्ट वळत असेल तर चेंडू ठेवून द्या.

आधी खांदा सांभाळा. स्नायू ढिले पडले की खांद्याचा सांधा खाली ओघळतो. अशा वेळी दंड धरून किंवा काखेत हात घालून उठवलं, की खांदेदुखी मागे लागते. आधार कंबरेला द्या. बसल्यावर हात लोंबकळू न देता उशीवर ठेवा. दोरी-कप्पीने हात वर ओढण्याच्या भानगडीत पडू नका.

आता टेबल. पाय जमिनीला, पाठ खुर्चीला टेकवून बसवा. टेबलावर टॉवेलची घडी, तिच्यावर दुखणाईत हात. कोपर सरळ होईपर्यंत पुढे सरकवा, मागे आणा. दहा-दहाच्या तीन फेऱ्या. इथे लबाडी हमखास होते: माणूस कंबरेतून वाकतो, हात पुढे पोचतो, कोपर जागचं हलत नाही. खांदा कानाकडे चढू लागला तर अंतर कमी करा.

बोटं जराशी उघडत असतील तर वाटीत वीसेक बेदाणे घ्या. नाशिकच्या घरात ते सापडतातच. आधी लिंबू, मग सुपारी, ते जमलं की बेदाणे, एकेक उचलून दुसऱ्या वाटीत टाकायचा. पकडणं लवकर जमतं, घाम फुटतो तो सोडताना. बोटं अडकली तर ओढून उघडू नका. मनगट हळूच खाली वाकवा, बोटं आपोआप सैल पडतात. पुढे कपड्यांचे चिमटे, अर्धा भरलेला स्टीलचा पेला. भांडी बाजारातला जड तांब्या शेवटी.

बोटं अजिबात हलत नसतील तर छातीसमोर मधोमध उभा आरसा ठेवा, त्याची चकाकती बाजू चांगल्या हाताकडे, दुखणाईत हात त्याच्यामागे. चांगल्या हाताची मूठ उघडा-मिटा आणि नजर आरशातल्या हातावरच ठेवा. रोज अर्धा तास, हवं तर दोनदा विभागून.

चांगल्या हाताला जाड मोजा घालून दुसऱ्याला कामाला लावण्याची पद्धतही आहे. पण मनगट आणि बोटं स्वतःहून थोडी वर उचलली जात असतील तरच, फिजिओथेरपिस्टला विचारून, आणि बसल्या जागी. चालताना मोजा काढा, तोल गेला तर आधाराला तोच हात लागतो.

एवढं सगळं घरी कशाला? 2009 साली अमेरिका-कॅनडातल्या उपचारसत्रांत मोजणी झाली, तेव्हा एका सत्रात हाताच्या उपयोगी हालचाली सरासरी 32 भरल्या. मेंदूला नवी वाट पाडायला शेकडो लागतात. ती भर घरीच पडते.

जानेवारीतल्या नाशिकच्या थंडीत सकाळी हात ताठरतो, तेव्हा सराव दुपारी उन्हात घ्या. शेकाची पिशवी आधी घरच्यांनी स्वतःच्या हाताला लावून पाहावी. रोग्याला चटका कळेलच असं नाही. पंजा सुजून लाल, गरम झाला तर सराव थांबवून डॉक्टरांना दाखवा. तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं किंवा नव्याने हात-पाय गळाले, तर तडक 108.