परसातल्या कोंबड्यांना वरचं खाणं कसं द्यायचं, आणि शिंपल्या कशा तयार करायच्या

कोंबडी दिवसाला साधारण शंभर ग्रॅम खाते, गावठी असेल तर थोडं कमीच. त्यातला दहावा भाग वरचं खाणं, म्हणजे नेहमीच्या खाद्याशिवाय आपण पाला, जवळा, उरलंसुरलं घालतो ते, एका कोंबडीला दहा ग्रॅम. हे आधी डोक्यात पक्कं करा, कारण "कोंबड्यांना काय, काहीही घाला" असं सांगणारी माणसं गावोगाव आहेत आणि त्यांचं ऐकून लोक टोपभर शिळा भात परसात ओततात, कोंबड्या पोटभर भात खातात, मॅशकडे, म्हणजे विकत मिळणाऱ्या तयार भरड खाद्याकडे, बघत नाहीत आणि मग अंडी का कमी झाली म्हणून विचारत फिरतात.

मी मालवणकडची, आमच्याकडे गावठी आणि थोड्या गिरीराज ह्या सुधारित जातीच्या अशा मिळून पंधरा-सोळा कोंबड्या कायम असतात. मी काय करते ते क्रमाने सांगते.

सकाळी खुराडं उघडलं की आधी नेहमीचं खाद्य, माझ्याकडे लेयर मॅश, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांचा मॅश, आणि थोडी तांदळाची कणी. बाकी सगळं त्यानंतर.

दुपारी पाला. शेवगा, माठ, कोबीची बाहेरची पानं, जुडी बांधून कोंबडीच्या डोक्याच्या वर टांगायची, जमिनीवर टाकली की तुडवतात आणि नासते. खोबऱ्याचा चोथा दिला तर तो ताजाच द्या, संध्याकाळपर्यंत खवट होतो.

पिसं गाळायला लागल्या की जवळा. पिसं प्रोटीनचीच बनलेली असतात, त्यामुळे त्या दिवसांत आठवड्यातून दोन-तीनदा चिमूटभर द्यायचा. जवळा बिनमिठाचा, उन्हात सुकवलेलाच हवा. खारवलेली मासळी किंवा तिचं धुतलेलं पाणी चुकूनही नको, मीठ कोंबडीला खरंच मारतं. मासळीची घाण द्यायचीच तर उकडून आणि थोडी, जास्त झाली तर अंड्याला वास येतो.

बुरशी लागलेलं काही द्यायचं नाही. पावसाळ्यात शेंगदाण्याची पेंड आणि मका पटकन बुरसतात, मग "उकळून दे, काय होत नाही" असं कोणीतरी सांगतं. होतं. बुरशीचं विष उकळल्याने जात नाही, कोंबडीचं लिव्हर खराब होतं. ती पेंड फेकून द्या. कच्चा राजमा, हिरवा पडलेला बटाटा, चहाचा चोथा हेही नको.

आता शिंपल्यांचं. मला सगळ्यात जास्त त्रास ह्यातच झाला, म्हणून सविस्तर लिहिते.

एका अंड्याच्या कवचात दोन ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम जातं. कोंबडी जेवढं खाते त्यातलं साधारण निम्मंच अंगी लागतं, म्हणजे अंडं घालायच्या दिवशी तिला चारेक ग्रॅम हवं. आणि आपण कोकणात घालतो काय, तर कणी आणि भाताचा कोंडा. कोंड्यात कॅल्शियम जवळजवळ नसतंच, वर फॉस्फरस अशा रूपात असतो की आहे तेवढं कॅल्शियमही तो अडकवून ठेवतो. कोंबडी मग स्वतःच्या हाडांतून काढून अंड्याला देते, आणि तेही पुरेना झालं की पातळ कवचाची अंडी यायला लागतात, अंगठ्याने दाबलं की आत जाणारी.

माझ्याकडे असंच झालं. पातळ अंडी पायाखाली फुटायची, कोंबड्यांना बलकाची चव लागली आणि त्या स्वतःहून अंडी फोडून खायला लागल्या. एकदा ही सवय लागली की मोडत नाही, मला दोन कोंबड्या कमी कराव्या लागल्या. त्याआधी मी शिंपल्यांची पूड करून घालत होतेच, मिक्सरमधून काढलेली, पिठासारखी मऊ, मॅशमध्ये कालवून. आणि तरी अंडी पातळच. मला कळेना, एवढं घालते ते जातं कुठे.

जातं विष्ठेत. कवच मुख्यतः रात्री बनतं, अंडं गर्भाशयात वीसेक तास असतं आणि त्यातले बरेचसे तास कोंबडी दांडीवर झोपलेली असते, तेव्हा ती काही खात नाही. पीठ केलेली पूड दुपारीच पोटातून पुढे निघून जाते. जाड दाणा मात्र पेठ्यात, म्हणजे आपण कलेजी-पेठा करतो त्यातल्या पेठ्यात, अडकून राहतो आणि रात्रभर हळूहळू विरघळत राहतो, म्हणजे कोंबडीला नेमकं हवं तेव्हा कॅल्शियम मिळतं. म्हणून दाणा जाड हवा आणि तो संध्याकाळी पोटात जायला हवा. मला हे कळायला दीड वर्ष गेलं, तुम्ही तेवढं घालवू नका.

तिसऱ्या, खुबे, कालवं, कुठल्याही शिंपल्या चालतात. कालवणातल्या असतील तर मीठ-मसाला जाईपर्यंत चोळून धुवायच्या, मांसाचा चिकटलेला तुकडा नखाने काढायचा, आणि तीन-चार दिवस कडक उन्हात ठेवायच्या. मग लोखंडी तव्यावर मध्यम आचेवर पंधरा-वीस मिनिटं भाजायच्या. टकटक आवाज येतो, रंग थोडा मळकट होतो आणि शिंपली हाताने वाकवली की तुटते, एवढंच भाजायचं.

चुलीतल्या निखाऱ्यात मात्र टाकू नका. मी टाकल्या होत्या, रात्रभर राहिल्या, सकाळी पांढऱ्याशुभ्र आणि बोटाने चुरा होईल इतक्या ठिसूळ, मला वाटलं बरं झालं, कुटायची मेहनत वाचली. करवंटीत ठेवल्या, कोंबड्या एकदा चोच लावून मागे सरल्या आणि एकीच्या तोंडात दुसऱ्या दिवशी फोड दिसले. शिंपली जास्त तापली की तिचा चुना होतो, पूर्वी आपल्याकडे चुन्याच्या भट्ट्या ह्याच शिंपल्यांवर चालायच्या, आणि ती चुनकळी ओल्या तोंडाला भाजते. शंका आली तर एक तुकडा बशीत ठेवून त्यावर पाण्याचे चार थेंब टाका. गरम झाला, फसफसला, फुगला, तर तो चुना आहे, फेका.

भाजलेल्या शिंपल्या गोणपाटात गुंडाळून हातोडीने फोडायच्या, उघड्यावर नको, चिपा डोळ्यात उडतात आणि कालवांच्या चिपा सुरीसारख्या धारदार असतात. मग दोनदा चाळायचं. आधी मोठ्या भोकांच्या चाळणीतून, वर राहील ते पुन्हा फोडायचं. मग रव्याच्या चाळणीतून, खाली पडेल ते पीठ बागेत घालायचं. मधलं उरतं ते आपल्याला हवं. तांदळाच्या कणीपासून ज्वारीच्या दाण्यापर्यंतचे तुकडे, बोटांत घेतले तर टोचायला नकोत, टोचत असतील तर पाट्यावर हलकं रगडा.

अंड्याची कवचं पण चालतात, तव्यावर भाजून, त्याच जाडीची. अर्धं अख्खं कवच टाकू नका, त्याने कोंबडी अंडं ओळखायला शिकते.

खाद्यात हे कधीच मिसळायचं नाही. ज्या कोंबडीला हवं ती जेवढं हवं तेवढं घेते, ह्याबाबतीत तिच्यावर विश्वास ठेवा. मी नारळाची करवंटी खुराड्याच्या आतल्या बाजूला, पाऊस लागणार नाही अशी, कोंबडीच्या छातीच्या उंचीला बांधते आणि रोज चारच्या सुमारास भरते. पिलं आणि अंड्यावर न आलेल्या तलंगा आत असतील तर त्यांना वेगळं ठेवा, वाढीच्या वयात जास्त कॅल्शियम किडन्या बिघडवतं. तलंगेचा तुरा लाल होऊन भरला, हात लावला की ती बसून पंख पसरायला लागली, की सुरू करायचं. कोंबड्याने दोन दाणे टिपले तर काही होत नाही.

पाण्यात पानाचा चुना घालायचा सल्ला मला शेजारच्या काकींनी पण दिला होता, प्रेमाने दिला होता, पण घालू नका. चव बदलली की कोंबड्या पाणी कमी पितात आणि पाणी कमी झालं की अंडी आधी बंद होतात.

शिंपल्या म्हणजे खडे नव्हेत. शिंपली विरघळते, दाणे दळायला न विरघळणारे बारीक खडे लागतात. मोकळ्या कोंबड्या ते स्वतः टिपतात, कोंडलेल्यांना वेगळ्या करवंटीत द्या.

आठवड्या-दीड आठवड्यात कवचात फरक पडतो. एप्रिल-मे मध्ये तेवढा पडणार नाही, कारण कोंबडी धापा टाकते तेव्हा कवचाला लागणारा कार्बन डायऑक्साइड श्वासातून निघून जातो, तिथे शिंपल्या वाढवून उपयोग नाही, सावली आणि दिवसातून तीनदा गार पाणी हाच उपाय. पावसाळ्यात कोंबड्या कोंडलेल्या असतात, उघडीप मिळाली की तासभर तरी उन्हात सोडा, ऊन नसेल तर कॅल्शियम नीट अंगी लागत नाही. जुन्या कोंबडीची कवचं वयाने पातळ होतातच, तिला बोल लावू नका. पण एकाच आठवड्यात सगळ्यांचीच अंडी मऊ, वेडीवाकडी यायला लागली, आणि रात्री खुराड्याजवळ उभं राहिल्यावर घरघर किंवा शिंका ऐकू आल्या, तर करवंटी बाजूला ठेवा आणि सकाळी पहिल्यांदा पशुवैद्यकीय दवाखान्यात जा, तो आजार असतो.