विरोधी आमदाराकडे निवेदन नेताय? आधी एवढं बघा

सोलापुरात कोर्टाच्या बाहेर माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे. दिवसभर निवेदनंच टाइप करतो. "मास्तर, कडक लिवा, सरकार हादरलं पाहिजे," असं सांगणारे रोज येतात. विशेषणांनी सरकार हादरत नाही ओ.

विरोधकांकडे बहुमत नसतं, मतदानात ते हरणारच. पण मंत्रिमंडळ सभागृहाला जबाबदार असतं, त्यामुळे तुमच्या निवेदनावरून आमदारानं टाकलेला प्रश्न सभागृहानं दाखल करून घेतला की मंत्र्याला उत्तर द्यावं लागतं. सत्ताधारी आमदारही प्रश्न विचारतात, नाही असं नाही. पण आपल्याच मंत्र्याला अडचणीत आणताना त्यांचा हात आखडतो, ते केबिनमध्ये जाऊन चिठ्ठी देतात. काम होतंही कधी, पण सभागृहात त्याची नोंद राहत नाही.

आधी दार बरोबर निवडा. विडी कामगार अक्का पेन्शनचा कागद घेऊन येतात. ईपीएस-९५ची, म्हणजे भविष्य निर्वाह निधीतल्या पेन्शन योजनेची, किमान पेन्शन २०१४ पासून हजार रुपये आहे, ती वाढवून हवी असते. ते आमदाराला देऊन काय उपयोग? भविष्य निर्वाह निधीचा कारभार दिल्लीचा, तिथं खासदार लागतो. नळाच्या पाण्यासाठी आधी नगरसेवक, आणि तिथं दाद नाही लागली तर आमदारामार्फत नगरविकास खातं. रस्ता असेल तर तो महापालिकेचा, बांधकाम खात्याचा की राष्ट्रीय महामार्गाचा, हे विचारूनच टाइप करायला या.

आता खरी गोम. विधानसभेतल्या प्रश्नाची घडी ठरलेली असते: "(१) अमुक झाले, हे खरे आहे काय, (२) असल्यास, चौकशी केली आहे काय, (३) त्यानुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे, (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?" सगळा जीव पहिल्या भागात. "सोलापुरात भीषण पाणीटंचाई असून प्रशासन झोपले आहे, हे खरे आहे काय" असं लिहिलंत, की उत्तर येणार "हे खरे नाही", आणि खालच्या सगळ्यांना "प्रश्न उद्भवत नाही". संपला विषय.

त्याऐवजी लिहा: पाच्छा पेठेतल्या अमुक गल्लीत या या तारखांना पाणी आले नाही, आणि रहिवाशांनी अमुक तारखेला झोन कार्यालयात अर्ज दिला, हे खरे आहे काय. सोबत अर्जाची शिक्का मारलेली पोच जोडा. आता "खरे नाही" म्हणायला अधिकाऱ्याची लेखणी अडते. "अंशतः खरे आहे" आलं तरी पुढच्या भागांची उत्तरं द्यावीच लागतात. लोकसभेत तर नियमच आहे: प्रश्न १५० शब्दांच्या आत, त्यात युक्तिवाद नको, टोमणा नको. आमच्या गिऱ्हाइकांचा निम्मा मजकूर तिथंच गळतो.

तारांकित प्रश्नाला तोंडी उत्तर मिळतं, त्यावर उपप्रश्न टाकता येतो आणि चांगला विरोधक तिथंच मंत्र्याला पकडतो. पण लोकसभेत दिवसाला असे वीसच प्रश्न लागतात. अतारांकितात गेला तरी रुसू नका, लेखी उत्तर हाती पडतं. प्रकरण तातडीचं असेल तर आमदाराला लक्षवेधी, म्हणजे तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचं लक्ष वेधणारी सूचना, द्यायला सांगा.

वेळ सांभाळा. लोकसभेत प्रश्नाची सूचना किमान पंधरा दिवस आधी द्यावी लागते, आणि हिवाळी अधिवेशनासाठी आमदार नागपूरला निघाल्यावर निवेदन देणं म्हणजे हार-तुऱ्याचा फोटो काढण्यापुरतंच.

"विधानसभेत विरोधी पक्षनेताच नाही, मग कोण ऐकतंय?" असं परवा एकानं विचारलं. २०२४ च्या निवडणुकीत त्या पदासाठी धरल्या जाणाऱ्या २८८ पैकी दहा टक्के, म्हणजे २९ जागा एकाही विरोधी पक्षाला मिळाल्या नाहीत, हे खरं. पण प्रश्न टाकायला ते पद लागत नाही, एकटा आमदारही टाकू शकतो. तुमच्या भागाचा आमदार सत्तेतला असेल तर शेजारच्या मतदारसंघातला विरोधक शोधा. मात्र कोणाला गाठायचं हे पोस्टर बघून ठरवू नका, त्यानं मागच्या अधिवेशनात काय विचारलं ते काढून बघा.

उत्तर आलं की प्रत मागून घ्या. मंत्री सभागृहात "करू", "तपासून घेऊ" म्हणाले असतील तर ते आश्वासन ठरू शकतं, आणि त्याचा पाठपुरावा करायला विधिमंडळात आश्वासन समिती आहे. ते वाक्य तारखेसकट जसंच्या तसं उतरवून घ्या. पुढचं निवेदन तिथूनच सुरू करू.